डूलॅली

डूलॅली : बोली इंग्रजीतील एक विशेषण. अर्थ : डोके फिरलेला, चक्रम, सरकलेला. नाशिकजवळच्या देवळाली या छावणीच्या नावावरून ते आले. वैद्यकीय वेडापेक्षा विक्षिप्तपणा त्यातून जास्त सूचित होतो. सुरात थोडी थट्टा असते. पूर्वीचे पूर्ण रूप ‘डूलॅली टॅप’. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. गोऱ्या शिपायांनी तो हिंदुस्थानीतून उचलला. म्हणजे शब्दशः ‘देवळालीचा ताप’. पुढे ताप गळून गेला, गाव तेवढे उरले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला ब्रिटिश फौजेचा मुक्कामाचा तळ होता. विलायतेहून आलेली पलटण मुंबईला उतरून इथे येई आणि नेमणुकीच्या जागी जाई. नोकरीची मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजासाठी इथेच थांबत. जहाजे साधारण शरद ऋतूपासून मार्चपर्यंतच चालत. शेवटचे जहाज सुटल्यावर ज्याची मुदत भरली, त्याला पुढच्या हंगामाची वाट पाहत अख्खा उन्हाळा आणि पावसाळा काढावा लागे. हत्यार जमा केलेले, काम जवळपास नाही, घर मात्र डोळ्यांपुढे. फ्रँक रिचर्ड्स हा शिपाई विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात होता. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तो लिहितो, की नोकरीभर सरळ वागलेली माणसेही या तळावर गुन्हे करून तुरुंगात जात. या कंटाळ्यातूनच हा वाक्प्रचार निघाला असावा, असे त्याचे मत आहे.

उन्हामुळे डोके फिरे, असेही कारण सांगतात. खान्देशी माणसाला ते पटणे कठीण. देवळाली घाटमाथ्याजवळ, हवेला थंड. म्हणून तर तिथे आजारी शिपायांना ठेवीत. उन्हानेच वेड लागायचे असते, तर हा शब्द भुसावळच्या नावाने निघायला हवा होता. मे महिन्यात तिथे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि दुपारी फलाटावरच्या लोखंडी बाकाला हात लावता येत नाही.

देवळाली खान्देशात मोडत नाही, पण शेजारचीच. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा जुन्या खान्देशातले मालेगाव, नांदगाव हे तालुके त्याला जोडले गेले. १८७० साली मुंबईचा लोहमार्ग जबलपूरला कलकत्त्याच्या मार्गाशी जुळला. त्या वाटेने येणारी गाडी भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव असा खान्देश ओलांडूनच देवळालीला पोचे. अलीकडेही कित्येक वर्षे याच रुळांवर भुसावळ–देवळाली पॅसेंजर धावत होती. लोक तिला नुसते ‘शटल’ म्हणत. कॉलेजची पोरे, कोर्टाच्या तारखेला निघालेले पक्षकार, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया असा तिचा उतारू. गाडीच्या पाटीवरचे नाव इंग्रजी कोशात वेडेपणा म्हणून नोंदले गेले आहे, हे त्यातल्या फारच थोड्यांच्या कानी असेल.

उच्चाराची गंमत वेगळीच. इंग्रजाला ‘ळ’ येत नाही, म्हणून त्याने ‘ल’ केला. ‘देव’चा ‘डू’ झाला. अहिराणीलाही ‘ळ’ फारसा मानवत नाही, पण ती त्याचा ‘य’ करते : डोळ्याचा डोया, शाळेची शाया, जळगावचे जयगाव. त्याच न्यायाने देवळालीची ‘देवयाली’ होते. म्हणजे एकच ‘ळ’ दोन तोंडांतून दोन वाटांनी निसटला.

‘लूट’, ‘ठग’ हे शब्द इंग्रजीत गेले ते अर्थ घेऊन. ‘डूलॅली’त तसे नाही. देवळाली या नावात वेडाचा लवलेश नाही. तो अर्थ तिथे अडकलेल्या परक्यांनी चिकटवला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२५ च्या सुमारास, शिपायांच्या बोलीच्या संग्रहात हा शब्दप्रयोग छापला गेला. नंतर तो छावणीबाहेर पडून घरोघरी रुळला. १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीने दाखवलेल्या एका विनोदी मालिकेची सुरुवातीची छावणीही देवळालीचीच होती.

देवळालीत आज भारतीय सैन्याचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे. ते पूर्वी काकूलला, म्हणजे आजच्या पाकिस्तानात होते. गावात कोणी ‘डूलॅली’ म्हणत नाही, ‘कॅम्प’ म्हणतात. आणि खान्देशात एखादा चक्रमपणा करू लागला, तर त्यासाठी देवळाली गाठावी लागत नाही. ‘त्यानं डोकं फिरेल शे’ एवढे पुरते.