स्वयंसेवी युवक संघटनांमधील बालसुरक्षा (नाशिक)

कार्यकर्त्यांनी विनामोबदला दिलेल्या वेळेवर चालणाऱ्या संघटनांमध्ये येणाऱ्या मुलामुलींना लैंगिक अत्याचार, मारहाण आणि मानसिक छळ यांपासून सुरक्षित ठेवण्याची रीत व तिचे नियम. कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते; त्यामुळे अकरावीत शिकणारा, मिसरूड फुटलेला ताशावादकही या नोंदीच्या कक्षेत येतो. ढोल पथके, तालमी आणि व्यायामशाळा, स्काऊट-गाइडची पथके, दुर्गभ्रमंतीचे गट, उन्हाळी शिबिरे, गणेश मंडळे, वस्तीतल्या अभ्यासिका, बालसंस्कार वर्ग अशा ठिकाणी नाशिकची मुले शाळेबाहेरचा वेळ घालवतात. यांपैकी बहुतेक ठिकाणी शिकवणाऱ्याला पगार नसतो, नेमणूकपत्र नसते आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा वरिष्ठही नसतो.

दादा-ताईंचे नाते

या संघटनांची सारी ताकद नात्यात आहे. शिकवणारा हा ‘सर’ कमी आणि ‘दादा’ जास्त असतो. तो मुलांना पहाटे मैदानावर आणतो, वडापाव खाऊ घालतो, घरी भांडण झाले तर समजूत घालतो, परीक्षेच्या वेळी पुस्तके मिळवून देतो. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड इथल्या कित्येक घरांत आईवडील दोघेही पाळीच्या कामावर असतात, आणि अशा घरांना या दादा-ताईंचा मोठा आधार असतो. हे नाते टिकले पाहिजे. पण अत्याचार करणारी व्यक्ती नेमके हेच नाते वापरते, हेही तितकेच खरे आहे.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासाच्या किंवा जबाबदारीच्या जागेवर असलेले होते. ‘आमच्याकडे फक्त मुलगेच येतात, काळजी नाही’ हे तालमीत आणि पथकात सर्रास ऐकू येणारे वाक्य या आकडेवारीपुढे टिकत नाही. मुलग्याने तक्रार केली की त्याची थट्टा होते, म्हणून तो बहुधा गप्प बसतो. बाकी धोका मुलगे आणि मुली दोघांनाही आहे.

अत्याचार बहुधा एका दिवसात घडत नाही. आधी एखादे मूल निवडले जाते. बरेचदा ते एकटे पडलेले, घरी दुर्लक्षित किंवा कौतुकाला आसुसलेले असते. मग त्याला खास वागणूक मिळू लागते: पुढच्या रांगेत जागा, मोबाइल रिचार्ज, नवे बूट. त्याच्या आईवडिलांचाही विश्वास कमावला जातो. पुढे ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ अशी लहान गुपिते सुरू होतात, स्पर्श थोडा-थोडा वाढत जातो, आणि मुलाला काही खटकेपर्यंत त्याच्यावर उपकारांचे ओझे झालेले असते. या साऱ्याला ग्रूमिंग म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते निव्वळ प्रेमळपणासारखे दिसते, आणि त्यामुळे माणूस पारखून सुरक्षितता मिळत नाही. वीस वर्षे संघटनेत घासलेला, सगळ्यांचा लाडका दादा नियमातून सुटला, तर तो नियम राहत नाही.

कायदा काय सांगतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. मुलांच्या विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवर असलेल्या व्यक्तीने केलेला अत्याचार हा या कायद्यात अधिक गंभीर मानला जातो. अशा व्यक्तीकडून लैंगिक प्रवेश असलेला अत्याचार झाल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षांची शिक्षा आहे. लैंगिक हेतूने पाठलाग करणे, अश्लील चित्र दाखवणे, फोनवरून तसा मजकूर पाठवणे हेही गुन्हेच आहेत. कपड्यांवरून झालेला स्पर्श पोक्सोतील लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात मोडत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लावलेला अर्थ सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला. स्पर्शामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, मधले कापड नव्हे, असे त्या निकालाने स्पष्ट झाले.

कार्यकर्त्यांना सर्वांत कमी माहीत असलेले कलम १९ वे आहे. गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडेल अशी भीती वाटली, तर ते पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही; संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. संस्थेचे नाव काहीही असो, असे कायद्यातच म्हटले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातल्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवणाऱ्या डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि न कळवणे हाच गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होऊ शकत नाही, असे संरक्षण त्याच कलमात आहे.

पोक्सो नियम २०२० नुसार शाळा, पाळणाघरे, क्रीडा अकादमी आणि मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या इतर संस्थांनी कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलिस पडताळणी करायची आहे. मेख इथेच आहे. नियमाची भाषा कर्मचाऱ्यांची आहे आणि पथकातला दादा कोणाचाच कर्मचारी नाही. महाराष्ट्रात शाळांसाठी २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेकडे पाहणाऱ्या सखी सावित्री समित्या आल्या, २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर शाळांवरची देखरेख आणखी कडक झाली. संध्याकाळी शाळेचे फाटक बंद झाल्यावर तीच मुले ज्या मैदानावर जातात, तिथे यातले काहीच पोहोचत नाही. ही पोकळी संघटनेने स्वतः भरायची आहे. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो. प्रत्येक कार्यकर्त्याने, अध्यक्षांपासून नव्या पोरापर्यंत, तो द्यावा आणि ठरावीक काळाने पुन्हा काढावा. तरीही दाखला कोरा आहे याचा अर्थ इतकाच, की आजवर गुन्हा नोंदला गेलेला नाही.

मैदानावर आणि शिबिरात

खरी सुरक्षितता रोजच्या बारीक सवयींतून येते. पहिली सवय म्हणजे कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद किंवा आडोशाच्या जागी राहणार नाही. मुलांच्या गटाबरोबर कायम किमान दोन प्रौढ असावेत, मुली असतील तर त्यांत एक स्त्री असावी. ही दोन माणसे एकाच घरातली नसलेली बरी. खासगी बोलणे असेल तर ते सर्वांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर करावे.

ढोल पथकाचा सराव पाहिला तर यातली अडचण लगेच कळते. गणेशोत्सवाच्या आधी नाशिकमध्ये संध्याकाळी मैदानांवर आणि गोदाकाठी सराव सुरू होतात. ढोल कमरेला बांधावा लागतो. नव्या मुलामुलींना दोरी किंवा पट्टा नीट घट्ट करता येत नाही, मग कोणीतरी मागे उभे राहून तो आवळून देते. इथला स्पर्श आवश्यक आहे, आणि त्याचाच गैरफायदाही घेतला जाऊ शकतो. चांगली रीत अशी: बांधणे उजेडात, सगळ्यांसमोर व्हावे, ‘पट्टा ओढतोय हं’ असे आधी सांगावे, मुलींना मुलींनी बांधून द्यावे, आणि दोन-तीन दिवसांत प्रत्येकाला स्वतः बांधायला शिकवावे. मल्लखांब, कुस्ती, कबड्डी या खेळांतही आधार देणे, पकड दाखवणे यासाठी हाच नियम चालतो. मालिश किंवा दुखावलेल्या जागी तेल चोळणे प्रशिक्षकाने एकट्याने, आतल्या खोलीत कधीही करू नये.

सराव संपायला रात्र होते. पाऊस असतो, रिक्षा मिळत नाही, आणि कोणीतरी दादा म्हणतो, ‘चल, गाडीवर सोडतो.’ हेतू शुद्ध असला तरी ही सवय मोडली पाहिजे, कारण इथे मूल आणि मोठा माणूस दोघेच असतात आणि कोणी पाहत नाही. सरावाची वेळ अलीकडे आणावी, एका भागातली मुले गटाने निघावीत, पालकांनी आळीपाळीने न्यायला यावे. नाइलाज झालाच तर निघताना आणि पोहोचल्यावर पालकांच्या ग्रुपवर कळवावे. मुलांशी व्हॉट्सअॅपवर बोलणेही असेच: पालक असलेल्या ग्रुपवरच, रात्री उशिरा नाही, एकट्याला नाही. मुलांचे फोटो टाकताना नाव, शाळा, पत्ता देऊ नये.

निवासी शिबिरांचा धोका वेगळा आहे. आंजनेरी, हरिहर, त्र्यंबकेश्वर परिसरात शिबिरे आणि गडफेऱ्या सतत होत असतात. रात्री कोण कुठे झोपणार हे निघण्याआधी कागदावर ठरलेले असावे. प्रौढ आणि मुले एका तंबूत नकोत, मुलगे व मुली वेगळे, आणि वयातही फार अंतर नको. अंघोळ, कपडे बदलणे, शौचाला जाणे या वेळांत मुलांना आडोसा मिळाला पाहिजे. उघड्यावर अंघोळीची मजा म्हणून ज्याची टिंगल होते त्याला ती मजा वाटत नाही. नव्या मुलांची ‘परीक्षा’ घेण्याचे, त्यांना कपडे उतरवायला लावण्याचे प्रकार परंपरा म्हणून खपवले जातात. तो छळ आहे आणि कायद्याने गुन्हाही ठरू शकतो.

तरुण कार्यकर्ते हा नाजूक मुद्दा. सोळा-सतरा वर्षांचा गटप्रमुख स्वतः बालक असतो आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांवर त्याची सत्ताही चालते. त्याला एकट्याने लहान मुलांची जबाबदारी देणे हे दोघांवरही अन्याय करणारे आहे. त्याच्याकडून काही घडले तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

कळल्यावर काय करायचे

मूल सांगते तेव्हा ते बहुधा सरळ सांगत नाही. ‘मला आता सरावाला यायचं नाही’, ‘त्या दादांच्या गटात नको’ असे काहीतरी बोलून ते अंदाज घेते. ऐकणाऱ्याने शांतपणे ऐकावे, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ असे म्हणावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. खोदून प्रश्न विचारू नयेत, त्याला पुन्हा-पुन्हा सगळ्यांसमोर सांगायला लावू नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत.

यानंतर संघटना हमखास जी चूक करतात ती म्हणजे ‘आधी आपण खात्री करू’. पदाधिकाऱ्यांची बैठक बसते, आरोप असलेल्याला बोलावून विचारतात, तो रडतो, शपथ घेतो, आणि पथकाची बदनामी नको म्हणून त्याला गुपचूप दुसऱ्या शाखेत पाठवतात. या चुकीची किंमत अमेरिकेतील बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका या संघटनेने मोजली. अत्याचाराच्या संशयावरून काढलेल्या स्वयंसेवकांच्या फायली तिने अनेक दशके आपल्यापुरत्या ठेवल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये ती दिवाळखोरीत गेली, ८२,००० हून अधिक पीडितांनी दावे दाखल केले आणि भरपाईची योजना सुमारे २४६ कोटी डॉलरची झाली. ऑस्ट्रेलियात शाही आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात चर्च, शाळा, क्रीडा व युवक संस्थांची चौकशी केली. तिथेही संस्थेचे नाव जपण्याची धडपड मुलांच्या मुळावर आल्याचे दिसले. चौकशी हे पोलिसांचे काम आहे. संघटनेने त्या व्यक्तीला ताबडतोब मुलांपासून दूर करावे आणि कळवावे, बस.

कळवण्याची ठिकाणे: १०९८ ही मुलांची मोफत हेल्पलाइन, ११२ हा आपत्कालीन क्रमांक, किंवा जवळचे पोलिस ठाणे. नाशिकमध्ये एक गोंधळ नेहमी होतो. शहर पोलिस आयुक्तालय वेगळे, नाशिक ग्रामीण पोलिस वेगळे. सिडकोतल्या मुलाबाबत आंजनेरीच्या शिबिरात काही घडले, तर गुन्ह्याची जागा ग्रामीण हद्दीत येते. पालकांना ‘तिकडे जा’ असे सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यावाच लागतो आणि मग तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. पोलिस २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवतात. समिती मुलासाठी सहाय्यक व्यक्ती, म्हणजे तपास आणि खटल्याच्या काळात त्याला सोबत करणारे माणूस, देऊ शकते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. रुग्णालयाला उपचाराआधी पोलिसांचे कागद मागता येत नाहीत. मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करणे गुन्हा आहे. महाराष्ट्र शासनाच्या मनोधैर्य योजनेतून पीडित बालकाला मदत मिळू शकते, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

मुलाचे पथकातले स्थान तसेच राहावे हे मात्र कोणत्याही कलमात लिहिलेले नाही, ते संघटनेलाच पाहावे लागते. तक्रार करणाऱ्या मुलाला ‘थोडे दिवस घरीच बस’ सांगणे म्हणजे शिक्षा त्यालाच देणे. त्याचा ढोल, त्याची जागा, त्याचे मित्र त्याला हवे असतील तेव्हा मिळाले पाहिजेत. दुसरीकडे खटल्याच्या दृष्टीने हजेरीपट, शिबिराची झोपण्याची यादी, कार्यकर्त्यांचे अर्ज आणि ग्रुपवरचे संदेश जपून ठेवावेत आणि पोलिसांनी मागितले की मूळ स्वरूपात द्यावेत. यांतले काही खोडले किंवा बदलले, तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा पदाधिकाऱ्यांवर येऊ शकतो.