पार्श्वभूमी: सीमाभागात परवडणारी रायफल एकच का?

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची पोरं मोबाइलवर अमेरिकेतले शिकारीचे व्हिडिओ बघतात आणि बेळगावात बंदुकीच्या दुकानात जाऊन विचारतात, ‘स्वस्तात चांगली बोल्ट ॲक्शन कुठली?’ बोल्ट ॲक्शन म्हणजे दर बाराला हाताने मूठ मागेपुढे करून काडतूस भरायची रायफल. तिकडे या प्रश्नाला डझनभर उत्तरं आहेत. सॅव्हेज कंपनीने १९५८ मध्ये ११० हे मॉडेल काढलं. त्यात नळी एका मोठ्या नटाने आवळलेली असते. काडतूस बसतं त्या खोलीचं माप पूर्वी कसबी कारागीर घासूनपुसून जुळवायचा, ते आता नट फिरवून जुळू लागलं आणि किंमत उतरली. १९६२ मध्ये रेमिंग्टन ७०० आली. तिचा मुख्य सांगाडा गोल सळईतून कातलेला, म्हणजे तीही लेथवर झटपट होणारी. पुढे रुगरसारख्यांनी प्लास्टिकचे दस्ते लावून भाव आणखी खाली आणला. तिथला शिकारी चार रायफली खांद्याला लावून बघतो आणि पटेल ती घेतो.

आपल्याकडे दुकानदार एकच आकडा सांगतो, तीनशे पंधरा, म्हणजे .३१५ इंच मापाची रायफल. तोही लायसन असेल तर. हा आकडा कुठून आला, आणि शेत राखायला तो शेतकऱ्याच्या हातात सहसा का पडत नाही, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात १८५७ पासून करावी लागते, कारण बंदुकीवर सरकारी नजर बसली ती तेव्हापासून. त्या वर्षीच्या नि:शस्त्रीकरणाच्या हुकमाविरुद्ध मुधोळ संस्थानातल्या हलगलीचे बेरड उठले. हत्यारं ठेवणार नाही म्हणाले, आणि नोव्हेंबरात इंग्रज फौजेने गाव जाळलं, कित्येकांना फाशी दिलं. हलगली आज बागलकोट जिल्ह्यात आहे, आणि त्या लढाईची कन्नड लावणी अजून टिकून आहे. पुढच्या मे महिन्यात नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले. तिथे दत्तक नाकारल्याचा राग मुख्य होता, पण हत्यारं जमा करण्याच्या सक्तीनेही आगीत तेल ओतलं. तेव्हा दक्षिण महाराष्ट्र म्हटला जाणारा हा सगळा पट्टा इंग्रजांच्या लेखी संशयाचा ठरला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. सूट मिळालेल्यांत आज कर्नाटकात असलेल्या कोडगूचे (कूर्गचे) लोकही होते. ती सूट आजही चालू आहे, २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली. खानापूरचा शेतकरी एकाच राज्यात राहून ‘त्यांना चालतं, आम्हाला का नाही?’ असं विचारतो. मूळ धागा पाहिला तर ते बक्षीस कंपनी सरकारशी असलेल्या इमानाचं होतं, पिकांशी त्याचा काही संबंध नाही.

आता तीनशे पंधरा. ब्रिटिश हिंदी फौजेची रायफल होती .३०३, आपली थ्री नॉट थ्री. सरहद्दीवर आणि बंडखोरांच्या हाती फौजेची काडतुसं जातात ही सरकारची कायमची धास्ती. म्हणून लष्करात चालणारी मापं खासगी लोकांना बंद करण्यात आली. १९०७ च्या सुमारास .४५० मापावर बंदी आली, तेव्हा इंग्लंडच्या बंदूक कारखान्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची मापं काढून राजेरजवाड्यांच्या जड रायफली त्यात बसवल्या. वाघ-गव्यांच्या शिकारीच्या फोटोंत संस्थानिकांच्या हातात दिसणाऱ्या दुनळ्या बऱ्याचदा याच पळवाटेतून जन्मलेल्या असतात.

हलक्या रायफलीसाठीही अशीच वाट शोधली गेली. ऑस्ट्रियाच्या फौजेचं ८×५० मिलिमीटरचं मानलिखर काडतूस घेतलं आणि त्याला .३१५ नाव देऊन बर्मिंगहॅमच्या बीएसए या बंदूक कंपनीने आपल्या ली पद्धतीच्या रायफलीत बसवलं. रायफलीचं अंग थ्री नॉट थ्रीचंच, पण फौजेचं काडतूस तिला चालणार नाही आणि तिचं काडतूस फौजेच्या कामाचं नाही. सरकारला हवं होतं तेवढंच. परदेशी फौजेचं माप इथे ‘शिकारी’ झालं ते असं.

स्वातंत्र्यानंतर हीच रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीत बनू लागली. १९०४ मध्ये उभ्या राहिलेल्या या कारखान्यात थ्री नॉट थ्रीच बनत असे, त्यामुळे यंत्रं होती, हात बसलेले होते. नव्याने काही आखायची गरज पडली नाही. स्वस्त पडण्याचं कारण हे. अमेरिकेत रायफल स्वस्त झाली ती नव्या रचनेमुळे, आपल्याकडे जुनीच रचना पुन्हा पुन्हा ओतून.

ही रायफल हातात घेतली की तिचं वय कळतं. बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, रिकामं काडतूस उजवीकडे उडतं. पुढे ढकलताना शेवटच्या इंचभरात स्प्रिंगचा जोर लागतो, कारण ली पद्धतीत घोडा बोल्ट बंद करताना ताणला जातो. जर्मन माउझर पद्धतीत तो बोल्ट उघडताना ताणला जातो, आणि आजच्या बहुतेक शिकारी रायफली माउझरच्या वळणाच्या आहेत. दुसरा फरक कुलपाचा. ली रायफलीत बोल्टचे कान मागच्या बाजूला अडकतात, माउझरमध्ये पुढे, काडतुसाच्या अगदी मागे. पुढचं कुलूप जास्त कडक, मागचं जास्त चपळ. लढाईत मिनिटाला जास्त गोळ्या झाडायच्या म्हणून इंग्रजांनी चपळाई घेतली. डुकरावर एकच गोळी नीट टाकायची असलेल्याला त्या चपळाईचा काय उपयोग, हा प्रश्न ईशापुरात कुणी विचारलेला दिसत नाही.

बेळगावात मात्र हा बोल्ट हजारो हातांना ठाऊक होता. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथेच. १९६२ च्या युद्धानंतर सेल्फ लोडिंग रायफल येईपर्यंत इथून बाहेर पडलेला प्रत्येक जवान थ्री नॉट थ्रीवर शिकला. निवृत्त होऊन गावी आलेल्याला बँकेत रखवालीची नोकरी हवी असेल तर स्वतःच्या लायसनची बंदूक लागे. काहींनी छर्ऱ्यांची बारा बोअर घेतली, काहींनी तीनशे पंधरा. सीमाभागातल्या घरांत रायफल आली ती या वाटेने. सुभेदारमामांच्या खुंटीवरची रायफल बघून शेजारच्या पोराला ती शिकारीची वाटायची, पण कागदावर ती नोकरीची किंवा स्वसंरक्षणाची असे.

शिकारीचा कायदा वेगळ्या वाटेने चालला. १९१२ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा, मग १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा, त्यात शिकारीचे परवाने आणि बंद हंगाम. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड मुंबई राज्यातच राहिलं आणि पुढे महाराष्ट्रात आलं. एकाच डोंगराच्या दोन उतारांवरचे शेतकरी दोन वनखात्यांच्या हाती गेले. डुकरं अर्थातच दोन्हीकडे चरतात.

लोक सहज म्हणतात, ‘७२ ला शिकार बंद झाली.’ ते अर्धंच खरं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती, काही प्राणी परवाना काढून मारता येत. ती काढून टाकली १९९१ च्या दुरुस्तीने. आता कलम ११ उरलं आहे. एखादं जनावर माणसाला किंवा मालमत्तेला धोक्याचं झालं तर अधिकारी लेखी हुकमाने मारायची परवानगी देऊ शकतो, आणि मालमत्तेत उभं पीक धरलं आहे. तेव्हा ‘हंटिंग रायफल’ म्हणून आज इथे कुणी कायदेशीर खरेदी करत नाही. दुकानात शिकारी रायफल मागणाऱ्या पोराला हे आधी कुणी तरी सांगायला हवं.

मग शेताच्या राखणीला काय? इथे १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचण्यासारखं आहे. पीक राखण्यासाठी शेतकऱ्याला परवाना द्यायचा तो ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी, पण गुळगुळीत नळीचीच, म्हणजे व्यवहारात बारा बोअर. नळीच्या आत पेच असलेली रायफल या यादीत नाही. तिच्यासाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं.

मला हे कलम बरंच शहाणपणाचं वाटतं, जरी गावात हे बोललं की लोक चिडतात. तीनशे पंधराची गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. भाताच्या खाचरात, पलीकडच्या बांधावर माळ्यावर दुसरा राखणदार बसलेला असताना, रात्री बॅटरीच्या उजेडात ती झाडणं म्हणजे आंधळा बार. छर्रे शंभरेक पावलांपुढे फारसे कामाचे राहत नाहीत आणि तेच बरं असतं.

ठासणीचा त्रास मात्र खराच. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, गजाने ठासायचं, टोपी चढवायची. एवढं सगळं एका बारासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरात भाताचा दाणा दुधात असतो, डुकरं कळपाने उतरतात ती तेव्हाच, आणि खानापूरच्या पश्चिमेला तेव्हा हवेत इतकी ओल असते की दारू सादळते आणि बार फुसका जातो. बेळगावच्या पश्चिम भागातल्या रताळ्याच्या वाफ्यांचीही तीच गत. डुक्कर रताळं खातं तेवढ्याने भागत नाही, नांगरल्यासारखा सगळा वाफा उपसून जातं. शेतकरी सुतळी बॉम्ब लावतात, रॉकेलचे टेंभे लावतात, ध्वनिक्षेपकावर भजनं लावून ठेवतात. कुणी कणकेत गावठी बॉम्ब ठेवतं, तो गुन्हा आहेच, शिवाय गाईगुरांचे जबडे फुटतात ते त्यानेच.

जंगलाला लागून असलेल्यांसाठी आणखी एक गाठ आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक बंदूकधारकाला वनखात्याकडे नोंद करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवं लायसन राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर, आणि खानापूर तालुक्याचा मोठा भाग या नियमाखाली आला. डुकरं, गवे, अस्वलं जिथे सगळ्यात जास्त, तिथेच नवं लायसन सगळ्यात अवघड.

परदेशी बंदुकीची वाट तर त्याआधीच बुजली होती. १९८०च्या दशकाच्या मध्यात सामान्य माणसाला बंदुका आयात करणं बंद झालं. त्यामुळे देशात आधीच असलेल्या जुन्या इंग्लिश, जर्मन, चेक रायफलींचे भाव आभाळाला भिडले आणि ‘परवडणारी’ म्हणून ईशापूरच उरली. स्पर्धा नसली की माल कसा निघतो ते जाणकार सांगतात: कधी छान, कधी बोल्ट खरखरीत, दस्ता ओल्या लाकडाचा, नेम धरायची माशी नळीच्या रेषेत नाही. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. ईशापूर कानपूरच्या कंपनीकडे गेलं, आणि खडकीचा काडतुसांचा कारखाना पुण्यातल्या म्युनिशन्स इंडियाकडे. आकडा तोच राहिला, तीनशे पंधरा.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण आणि घरात बंदूक सुरक्षित ठेवण्याची सोय सक्तीची केली. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली. याखेरीज निवडणूक आली की पोलिस ठाण्यात बंदुका जमा करायला सांगतात. यात सीमेच्या दोन बाजूंना वेगळा हिशेब आहे. कर्नाटकची विधानसभा २०१३, २०१८, २०२३ तिन्ही वेळा मे महिन्यात झाली, तेव्हा खानापुरात भात नसतं. महाराष्ट्राची २०१४ आणि २०१९ मध्ये ऑक्टोबरात झाली, ऐन भात पिकलेलं. चंदगडच्या शेतकऱ्याची बंदूक ठाण्यात आणि डुक्कर शेतात.

या सगळ्यातून सीमाभागात रायफल हातात पडते ती बहुधा वारशाने. २०१६ च्या नियमांत त्यासाठी सरळ वाट ठेवलेली आहे: मालक वारला, किंवा त्याला ७० वर्षं झाली, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं राहिली, तर वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. खानापूरवाल्याने बेळगावच्या डीसी ऑफिसात, चंदगडवाल्याने कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्याकडे.

अशी जुनी तीनशे पंधरा घरात येत असेल तर आधी ती परवानाधारक बंदूक कारागिराकडे न्यावी. तो नळीत उजेड टाकून पेच झिजलेत का ते बघतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं क्षार नळी खातं, त्यात कणकुंबीचा पाऊस. मग बोल्ट बंद करून काडतुसाच्या खोलीचं माप घेतो. बोल्टवरचा आणि सांगाड्यावरचा नंबर जुळतो का हेही तो पाहतो, कारण ली रायफलीत एकीचा बोल्ट दुसरीत सहज बसतो, पण माप जुळेलच असं नाही. दोन नंबर वेगळे निघाले तर त्या मापाची खात्री होईपर्यंत तिच्यात काडतूस भरू नये.