पाणविंचवाची शेपटी आणि गोदावरीतला प्राणवायू

सिंहस्थ जवळ येऊ लागला की गोदावरीच्या पाण्याची चर्चा वाढते आणि मोबाइलवर नवनवे निष्कर्ष फिरू लागतात. नाशिकच्या रामकुंडावर चतुर (ड्रॅगनफ्लाय) उडताहेत, म्हणजे नदी निरोगी, असं कुणी म्हणतं. पाण्यात किडा दिसला म्हणजे पाणी नासलं, असं दुसरं कुणी. दोन्ही चूक. तो किडा श्वास कसा घेतो हे कळल्याशिवाय त्याच्यावरून पाण्याची पारख होत नाही.

डबक्याच्या काठचा गाळ चाळला तर पाणविंचू हमखास भेटतो. वाळक्या पानासारखा चपटा, मागे लांब शेपटी. ती नांगी समजून लोक त्याला ठेचतात, आणि ही भीती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्या शेपटीत विष नाही. (सोंड मात्र जोरात टोचते, म्हणून उगाच हातात धरू नये.) भिंगातून पाहिलं तर दोन अर्ध्या पन्हाळी जुळून झालेली नळी दिसते. तिचं टोक पाण्याबाहेर काढून तो थेट वरची हवा घेतो. लिटरभर हवेत २५० मिलिग्रॅमहून जास्त प्राणवायू असतो, लिटरभर स्वच्छ पाण्यात २५ अंशांना जेमतेम ८. त्यामुळे सांडपाण्याच्या डबक्यातही पाणविंचू मजेत शिकार करतो. त्याच्या असण्यावरून पाण्याबद्दल फारसं काही कळत नाही.

पाणभुंग्याची तऱ्हा मला सर्वांत विलक्षण वाटते. तो पंखांखाली हवा भरून बुडी मारतो, तिचा बुडबुडा मागच्या टोकाशी चमकताना दिसतो. भुंगा त्यातला प्राणवायू वापरतो, बुडबुड्यात त्याचा दाब पाण्यातल्यापेक्षा कमी होतो आणि पाण्यातला प्राणवायू आत झिरपू लागतो. म्हणजे बुडबुडा कल्ल्याचं काम करतो. हे चालतं नायट्रोजनच्या जिवावर. तो पाण्यात फार हळू विरघळतो, म्हणून बुडबुडा टिकतो आणि झिरपायला पृष्ठभाग मिळत राहतो. डॅनिश शास्त्रज्ञ एगे यांनी १९१५ मध्ये दाखवलं की अशा कीटकांना हवेऐवजी निव्वळ प्राणवायूचा बुडबुडा दिला तर ते पाण्याखाली उलट लवकर मरतात. नायट्रोजन नसल्याने बुडबुडाच आकसून संपतो. आता पाण्यात मैला मिसळला, जिवाणूंनी प्राणवायू फस्त केला, तर दाबाचं गणित उलटतं. बुडबुड्यातला प्राणवायू बाहेर पाण्यात गळू लागतो. भुंगा मरत नाही, पण त्याला वरचेवर वर यावं लागतं.

चतुराच्या पिल्लाला ही सोय नाही. त्याचे कल्ले गुदाशयात असतात. तिथून पाणी आत-बाहेर खेळवत ते श्वास घेतं, आणि गरज पडली की तेच पाणी जोरात मागे फेकून पुढे झेपावतं. पाण्यात प्राणवायू नसेल तर ते गुदमरतं. स्नानाच्या पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पण शेवाळ माजलेल्या संथ पाण्यात दुपारी आकडा चांगला येतो आणि रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद राहिल्याने पहाटे तो कोसळतो. तपासणीसाठी दुपारी भरलेल्या बाटलीत ती पहाट येत नाही. पिल्लाला मात्र प्रत्येक पहाट काढावी लागते, काही जातींत काही आठवडे, काहींत वर्षानुवर्षं.

म्हणून उडणारे चतुर मोजू नका. पावसाळ्यानंतर थव्यांनी दिसणारा पिवळसर चतुर तर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जाणारा प्रवासी. तो रामकुंडातच वाढला, याला पुरावा काय? सकाळी काठच्या दगडांवर, लव्हाळ्यावर पिल्लाची कोरडी, पाठीवर उकललेली कात शोधा. ती सापडली तर ते पिल्लू त्याच पाण्यात वाढून बाहेर पडलं, हे नक्की. तुलना मात्र सारख्या जागांचीच करावी. सोमेश्वरला कातळावरून कोसळताना पाणी हवेतला प्राणवायू ओढून घेतं. तिथल्या काती मोजून तपोवनाजवळच्या संथ डोहाला नापास करणं बरोबर नाही. डोहाशी डोह ताडावा, खळाळाशी खळाळ.