छोटा पाणकावळा की भारतीय पाणकावळा?

मुंबईतील पवई तलाव १८९१ साली बांधला गेला आणि पुण्यातील पाषाण तलाव रामनदीवर आहे. माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर एके काळी शहराचा कचरा टाकला जाई त्या जागेवर, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकरांत उभे राहिले आहे. शहराच्या पोटातील अशा पाणथळ जागी पाण्यातून वर आलेल्या खुंटावर पंख पसरून बसलेला काळा पक्षी हमखास दिसतो आणि पाहणारा त्याला ‘पाणकावळा’ म्हणून मोकळा होतो. तो छोटा पाणकावळा आहे की भारतीय पाणकावळा, हा प्रश्न बहुधा घरी परतल्यावर, छायाचित्र संगणकावर मोठे करून पाहताना पडतो. आणि त्या वेळी उत्तरासाठी लागणारा तपशील छायाचित्रात उतरलेलाच नसतो.

नावांमुळे असा समज होतो की आकार पाहिला की काम झाले. प्रत्यक्षात छोटा सुमारे ५१ सेंटीमीटर लांब असतो आणि भारतीय सुमारे ६३ सेंटीमीटर, म्हणजे तफावत जेमतेम अर्ध्या वितेची. दोघे शेजारी बसले असतील तर ती लगेच जाणवते. पण एकटा पक्षी शंभर फुटांवर, मोजमापाला आधार नसलेल्या पाण्यावर तरंगत असेल तर अंदाज सहज चुकतो. त्यातच पाणकावळे पाण्यात खोल बुडून पोहतात, त्यामुळे पुष्कळदा मान आणि डोके एवढेच दिसते. सुदैवाने ओळखीच्या खऱ्या खुणा तेवढ्या भागातच आहेत.

पहिली खूण चोचीची. छोट्याची चोच आखूड व जाडसर असते. भारतीयाची लांब, सडपातळ आणि टोकाशी स्पष्ट आकडा असलेली. चोचीबरोबर कपाळही पाहावे. छोट्याचे कपाळ चोचीपासून एकदम वर चढते, त्यामुळे डोके गोल आणि चेहरा पिलासारखा वाटतो. भारतीयाचे कपाळ उतरते असते, मान तुलनेने लांब दिसते आणि एकूण घडण लांबट भासते. मानेचीच लांबी पाहून गोंधळ झाला, तर तो पक्षी तिरंदाज हा पाणकावळ्यासारखा दिसणारा दुसरा पाणपक्षी नाही ना, याची खात्री करावी. त्याची चोच सरळ भाल्यासारखी असून तिला आकडा नसतो.

दुसरी खूण डोळ्याची, आणि माझ्या मते तीच सर्वांत भरवशाची. प्रौढ भारतीय पाणकावळ्याचा डोळा निळा-हिरवा, रत्नासारखा चमकदार असतो. छोट्याचा डोळा काळपट असून दुरून काळ्या पिसांत मिसळून जातो. मात्र कोवळ्या भारतीय पक्ष्यात हा रंग पुरता उतरलेला नसतो, त्यामुळे पाठ तपकिरी आणि पोट फिकट असलेल्या पक्ष्याच्या बाबतीत डोळ्यापेक्षा चोचीवर विसंबावे.

विणीच्या काळात दोघांचीही पिसे अधिक काळीभोर आणि चकचकीत होतात. भारतीयाच्या कानामागे पांढऱ्या पिसांचा लहान झुपका येतो, तर छोट्याच्या कपाळावर व डोक्याच्या बाजूंवर पांढरी रेशमी पिसे विखुरलेली दिसतात. हा काळ ओसरला की दोघांच्याही गळ्याशी पांढरट रंग येतो आणि ही खूण निकामी ठरते. शास्त्रज्ञांनी तर दोघांना वेगवेगळ्या प्रजातींत (जीनसमध्ये) ठेवले आहे: छोटा म्हणजे मायक्रोकार्बो नायगर आणि भारतीय म्हणजे फॅलाक्रोकोरॅक्स फस्किकॉलिस.

वागणुकीचा आधार जपून घ्यावा. उथळ डबक्यात एकट्याने बुड्या मारणारा पक्षी छोटा असण्याची शक्यता अधिक, आणि मोठ्या तलावात घोळक्याने मासे हाकत पुढे सरकणारे भारतीय असण्याची. परंतु छोटेही कधी कधी थव्याने मासेमारी करतात. पंख पसरून बसण्यावरून तर काहीच ठरत नाही. दोघांचीही पिसे काही प्रमाणात भिजतात आणि दोघेही ती वाळवत बसतात. त्यामुळे सूर्याकडे तोंड करून काढलेले, पंख फैलावलेल्या काळ्या आकृतीचे लोकप्रिय छायाचित्र कितीही देखणे असले तरी ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी असते.

ओळख पटावी अशा छायाचित्रासाठी सकाळचे कोवळे ऊन आपल्या पाठीशी ठेवावे, म्हणजे डोळ्यात प्रकाश उतरतो. काळा पक्षी चौकटीत मोठा असेल तर कॅमेरा त्याला करडा करू पाहतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) अर्धा ते एक स्टॉप उणे करावे; एक स्टॉप उणे म्हणजे प्रकाश निम्मा. उलट तो लहान असून मागे चमकते पाणी असेल तर तेवढेच अधिक करावे, नाहीतर डोके म्हणजे नुसता काळा डाग उरतो. शक्य तेवढे खाली बसून पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवरून टिपल्यास कपाळाचा चढ अथवा उतार स्वच्छ दिसतो. पक्ष्याने डोके पूर्ण बाजूला वळवेपर्यंत थांबावे. समोरून चोचीची लांबी कळतच नाही. उडण्यापूर्वी तो पाण्यावर पाय आपटत धावतो, तो क्षण हवा असल्यास शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका तरी ठेवावा. घरट्यांच्या झाडाखाली मात्र थांबू नये, कारण प्रौढ पक्षी उडून गेले की अंडी आणि पिले उघडी पडतात.

एवढे करूनही डोळा दिसला नाही आणि चोच अर्धवट लपली, असे होतेच. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जात न ठरवता नुसता ‘पाणकावळा’ असा पर्याय निवडता येतो. अशा वेळी तोच निवडावा.