सुदान : धान्याच्या पोत्यामागचं परवानगीचं राजकारण

सुदानच्या बातम्या आपल्याकडे तुटक-तुटक येतात. एप्रिल २०२३ मध्ये ‘ऑपरेशन कावेरी’तून तिथले भारतीय परत आले, तेव्हा काही दिवस राजधानी खार्तुमचं नाव घरोघरी ऐकू येत होतं, मग विषय मागे पडला. तिथल्या उपासमारीबद्दल वाचताना एक प्रश्न हमखास पडतो : जगाकडे धान्य आहे, ट्रक आहेत, विमानं आहेत, मग अडतं कुठे? अडतं परवानगीपाशी. आणि लढणाऱ्यांच्या हातातली ही परवानगी इतकी मोलाची कशी झाली, ते समजायला १९८० च्या दशकात जावं लागतं.

१९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निमेरी यांनी दक्षिण सुदानची स्वायत्तता मोडीत काढली, शरिया लागू केला आणि जॉन गरांग यांच्या ‘सुदान पीपल्स लिबरेशन आर्मी’ने (एसपीएलए) दक्षिणेत बंड पुकारलं. पुढे सरकारने स्वस्तातला उपाय शोधला. उत्तरेकडच्या बग्गारा गुराखी टोळ्यांच्या हाती बंदुका देऊन त्यांना दक्षिणेच्या बहर अल-गझल प्रांतातल्या डिंका जमातीच्या गावांवर सोडलं. त्यांनी गावं जाळली, गुरं हाकून नेली. डिंकांचं दूध गुरांचं, लग्नात मुलीच्या घरी द्यायची तीही गुरंच, आणि अडीअडचणीची पुंजीही तीच. गोठा रिकामा झाला की माणूस उघड्यावर पडला. १९८८ मध्ये सुमारे अडीच लाख माणसं भुकेने मेली, असा अंदाज सहसा दिला जातो. त्यात पावसाचा दोष थोडा, धाडींचा फार.

एप्रिल १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सरकार आणि एसपीएलए या दोघांशीही बोलणी करून ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’ सुरू केलं. युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांचा त्यात पुढाकार होता. सरकारची मान्यता घेऊन बंडखोरांच्या मुलखात उघडपणे धान्य न्यायचं, ही त्या काळी मोठीच उडी होती. जूनअखेर ओमर अल-बशीर यांनी सत्ता बळकावली, तरी मोहीम टिकली. केनियाच्या वायव्य टोकाचं लोकीचोगिओ, सगळ्यांच्या तोंडी नुसतं ‘लोकी’, हा तिचा तळ. तिथून हर्क्युलिस विमानं ज्वारी-मक्याची पोती घेऊन उडायची आणि खाली घिरट्या घालत ती मैदानात सोडायची. आपटून फुटू नयेत म्हणून पोत्यात पोतं घातलेलं असे.

मेख इथेच होती. दर महिन्याला धावपट्ट्यांची यादी खार्तुमकडे जायची आणि कुठे उतरायचं, कुठे नाही, हे ठरायचं तिथे. नुबा डोंगराळ भाग तर या मोहिमेत घेतलाच गेला नाही. २००२ च्या युद्धबंदीपर्यंत तिथले लोक जवळपास वाऱ्यावर होते. जिथे विमान उतरे तिथे माणसं गोळा होत, आणि हल्ला कुठे करायचा हे टोळ्यांना आपोआप कळे. बंडखोरही धुतल्या तांदळाचे नव्हते. त्यांची स्वतःची मदत शाखा होती आणि वाटलेल्या धान्यातला वाटा सैनिकांसाठी वसूल व्हायचा. १९९५ च्या ‘ग्राउंड रूल्स’ करारात त्यांनी जिनिव्हा करार आणि बालहक्क मान्य केले. कागदावर हे मोठं पाऊल होतं.

या सगळ्याचा कस लागला १९९८ मध्ये. केरुबिनो हा मूळचा एसपीएलएचा सेनानी मधली काही वर्षं सरकारच्या बाजूने बहर अल-गझल उद्ध्वस्त करत होता. जानेवारीत तो उलटला आणि त्याने वाऊ शहरावर हल्ला केला. उत्तरादाखल खार्तुमने फेब्रुवारीत त्या प्रांताची उड्डाणं रोखली, नंतर मोजक्याच धावपट्ट्यांना मोकळीक दिली. पेरणीआधीचे कळीचे आठवडे असे गेले. अजीप गावातल्या पोषण केंद्रापाशी लोक रोज मरत होते.

धान्य पोहोचल्यावरही गोंधळ संपला नाही, आणि हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. मदत संस्था सर्वांत अशक्त मुलांच्या घरांची निवड करून त्यांना धान्य देत. डिंका रीत वेगळी : मिळालेलं मुखियाकडे जमा करायचं आणि कुळाकुळांत वाटायचं. त्यामुळे सकाळी निवडक घरांना दिलेलं धान्य गोळा होऊन पुन्हा वाटलं जाई. यात एक न्याय होता. पण धाडींमुळे परमुलखातून आलेल्या निर्वासितांचा तिथे कुणी मुखिया नव्हता. वाटणीत त्यांची पत्रावळ मांडलीच जात नसे, आणि सर्वांत जास्त भुकेले तेच होते.

मदतीने भांडण वाढतं की निवतं, हे आधी तपासा, हा विचार याच दशकात रुजला. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मेरी अँडरसन यांच्या ‘डू नो हार्म’ मांडणीने त्याला नाव मिळालं. तोवर १९९४ मध्ये रवांडातल्या वंशसंहाराचे मारेकरीच शेजारच्या काँगोतल्या (तेव्हाच्या झाईरमधल्या) गोमाच्या निर्वासित छावण्या चालवताना जगाने पाहिले होते.

सुदानात समेटाचं सर्वांत भरीव काम मात्र मदतीच्या नोकरशाहीबाहेर झालं. १९९१ मध्ये एसपीएलए फुटल्यानंतर डिंका आणि नुएर या दक्षिणेतल्या दोन जमाती एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या. जून १९९८ मध्ये दोन्हीकडचे मुखिया लोकीतच चर्चच्या मध्यस्थीने भेटले. पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वुनलित इथे परिषद भरली. पाहुण्यांसाठी झोपड्यांचं अख्खं गाव उभारलं होतं. एका पांढऱ्या बैलाचा बळी देऊन शपथ झाली; दिवसचे दिवस दोन्ही बाजूंनी आपापल्या मृतांचा, पळवलेल्या बायकामुलांचा पाढा वाचला. त्यानंतर सामायिक कुरणं आणि पाणवठे पुन्हा खुले झाले. खार्तुमच्या सहीची गरज पडली नाही. सरकार आणि एसपीएलए यांच्यातल्या २००५ च्या शांतता करारापर्यंत इतर गट फुटले-जुळले, तरी पश्चिम नाईलकाठचा हा समेट बऱ्यापैकी टिकला.

२०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला आणि दोनच वर्षांत तिथे आपसात युद्ध पेटलं. ती वेगळी कहाणी. उत्तरेत १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल लढताहेत. परवानगीचा खेळ तोच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्करी सरकारने चाडमधून पश्चिम सुदानातल्या दारफुरला जाणारा सीमेवरचा आद्रे नाका बंद केला. १ ऑगस्टला दारफुरमधल्या झमझम या निर्वासित छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञ समितीने जाहीर केलं. त्यानंतर पंधरवड्याने नाका तीन महिन्यांसाठी उघडला, मग मुदतवाढी सुरू झाल्या. परवानग्या देणारा सरकारचा मदत आयोग जुनाच आहे. आरएसएफनेही २०२३ मध्ये आपली मदत संस्था काढली. एका ट्रकसाठी दोन दारं वाजवावी लागतात.

वस्त्यांमधल्या सामुदायिक स्वयंपाकघरांना ही दारं चुकवता आली. २०१८-१९ च्या आंदोलनातल्या तरुणांनी उभ्या केलेल्या ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ ती चालवतात. वेढ्यातही चूल पेटायची ती त्यांच्यामुळे. दोन्ही सैन्यांनी त्यांच्या कार्यकर्त्यांना पकडलं आहे, हेर समजून. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा यातली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली.