जंतांच्या गोळीपासून शेंगदाण्याच्या ॲलर्जीपर्यंत

शेंगदाण्याच्या ॲलर्जीवर चिनी वनौषधी, अशी बातमी अधूनमधून फिरत असते. त्यातलं मूळ औषध मात्र ॲलर्जीचं नव्हे, जंतांचं. सुमारे १८०० वर्षांपूर्वी, हान राजवटीच्या उतरत्या काळात, चांग चुंगचिंग या वैद्याने 'शांग हान लुन' या ग्रंथात 'वू मेई वान' ही गोळी सांगितली. जंतांमुळे उठणाऱ्या कळा, उलट्या आणि जुनाट जुलाब यांवर ती देत. त्यात दहा घटक: धुरावलेलं आंबट आलुबुखार, सुंठ, दालचिनीच्या कोवळ्या काड्या, जिन्सेंग, आपल्या कोकणातल्या तिरफळाचं चिनी भावंड वगैरे.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या डॉ. शिउमिन ली यांनी हीच गोळी हाती घेतली. जंतांशी लढताना शरीर आयजीई प्रतिपिंडं भरपूर तयार करतं आणि अन्नाच्या तीव्र ॲलर्जीतली प्रतिक्रियाही तीच घडवून आणतात, हा योगायोग मला तरी फार बोलका वाटतो. लिंगझी ही अळंबी घालून घटक झाले अकरा. २००१ साली या मिश्रणाने उंदरांना शेंगदाण्याच्या जीवघेण्या प्रतिक्रियेपासून वाचवल्याचं प्रसिद्ध झालं.

पण मूळ पाठात विषारी वचनागाच्या जातीचं शुद्ध केलेलं मूळ होतं, आणि शीशिन नावाची दुसरी एक वनस्पतीही. शीशिनच्या कुळात मूत्रपिंड निकामी करणारं ॲरिस्टोलोकिक आम्ल सापडतं. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकात बारीक होण्याच्या गोळ्यांतून ते पोटात जाऊन कित्येक बायकांची मूत्रपिंडं गेली होती. दोन्ही घटक वगळले, नऊ उरले: ही सुधारित आवृत्ती म्हणजे एफएएचएफ-२ (फूड ॲलर्जी हर्बल फॉर्म्युला-२). त्याने उंदरांना उपचार थांबल्यावरही ३६ आठवडे संरक्षण दिलं. उंदराच्या आयुष्यात हा काळ थोडाथोडका नाही.

माणसांवर मात्र गाडी अडली. सुरुवातीच्या चाचणीत औषध सुरक्षित दिसलं. पुढच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले: १२ ते ४५ वयाचे ६८ रुग्ण, सहा महिने, दिवसातून तीनदा दहा-दहा गोळ्या. रोज तीस गोळ्या कोण नेमाने घेणार? ४४ टक्के जणांनी चाचणीचा निदान एक-तृतीयांश काळ त्या नीट घेतल्याच नाहीत. अन्न सहन होण्याच्या बाबतीत औषध लुटुपुटूच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

त्यानंतर लीबाईंच्या गटाने गोळ्या कमी व्हाव्यात म्हणून अर्क अधिक शुद्ध करण्यावर भर दिला. दरम्यान, अमेरिकेत २०२० मध्ये शेंगदाण्याच्याच मोजून द्यायच्या भुकटीचं पालफोर्झिया हे औषध आणि २०२४ मध्ये आयजीईला पकडणारं झोलेअर इंजेक्शन अन्नाच्या ॲलर्जीसाठी मंजूर झालं.