संगणकातली फेरफार नोंद

सांगलीच्या गावभागात राहणारे माझे मामा तलाठी म्हणून निवृत्त झाले. मध्यंतरी हिशेबाचं एक मोफत ॲप वापरताना ते एका बटणाशी अडले. बटणावर लिहिलं होतं, ‘फाईल वाचवा’.

“फाईल काय बुडायला लागलीय का?” मामा म्हणाले.

तिथे हवं होतं ‘जतन करा’. ॲप मुक्तस्रोत होतं, म्हणजे त्यातली चूक कुणीही दुरुस्त करून पाठवू शकतो. पण ते करायचं तर वाटेत गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, लागतं आणि प्रोग्रॅमर नसलेला माणूस तिथूनच मागे फिरतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं ते एप्रिल 2005 मध्ये, लिनक्स या त्यांच्या मुक्तस्रोत प्रणालीसाठी. जगभरातले प्रोग्रॅमर एकाच कोडमध्ये बदल करत होते. कोणी, कधी, काय बदललं याची चोख नोंद हवी होती. साधन प्रोग्रॅमरांचं, त्यामुळे भाषाही त्यांचीच: कमिट, ब्रँच, मर्ज, आणि आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी.

मामांना मात्र यातलं काहीच नवं नव्हतं. सातबारावर थेट खाडाखोड चालत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंद धरायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी 15 दिवस थांबायचं. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली की मगच सातबारा बदलतो. हाती लिहिलेल्या सातबारावर जुनं नाव पुसतसुद्धा नसत, त्याला कंस करत.

कमिट म्हणजे हीच फेरफार नोंद. पुल रिक्वेस्ट म्हणजे नोंद मंजुरीला ठेवणं. एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळे बदल केले, तर गिट स्वतः निवाडा करत नाही. ती तक्रारी नोंद ठरते आणि माणसालाच निकाल द्यावा लागतो.

एका बाबतीत गिट दप्तराच्या पुढे जातं. फेरफाराला ओळीने पुढचा क्रमांक मिळतो. कमिटचा क्रमांक तिच्या मजकुरातूनच गणिताने काढलेला असतो. तो साधारणपणे 40 अक्षरांचा असतो आणि त्या गणितात आधीच्या कमिटचा क्रमांकही धरलेला असतो. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या नोंदीत कुणी एक काना बदलला, तरी तिथून पुढचे सगळे क्रमांक बदलतात. शिवाय बहुतेकांकडे अख्ख्या दप्तराची प्रत असते, त्यामुळे लबाडी लगेच उघडी पडते. हे ऐकून मामा बराच वेळ गप्प बसले. मागाहून घुसवलेल्या एका नोंदीपायी घरंच्या घरं कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना त्यांनी पाहिली होती.

कल्पना अवघड नाही, दार अवघड आहे. ते दार सोपं करणारी साधनं आता आहेत. गिटहब या गिटचं दप्तर ठेवणाऱ्या संकेतस्थळावर फाईलशेजारच्या पेन्सिलवर टिचकी मारली की ब्राउझरमध्येच दुरुस्ती करता येते. प्रत काढणं, ब्रँच म्हणजे बदलापुरती वेगळी फांदी करणं, हे गिटहब स्वतः सांभाळतं. भाषांतरासाठी वेबलेट हे ब्राउझरमध्येच चालणारं साधन त्याहून सोपं आहे. वर इंग्रजी वाक्य, खाली मराठीचा चौकोन. लिहा, जतन करा. कमिट पडद्यामागे होते, तीही भाषांतर करणाऱ्याच्या नावाने.

मामांनी ‘वाचवा’ दुरुस्त केलं आणि पुढचं वाक्य घेतलं. त्यात %d अशी खूण होती. छपाईची चूक समजून त्यांनी ती काढली, तर वेबलेटने लगेच इशारा दिला. ॲप चालताना त्या जागी आकडा येतो; खूण गेली की ‘नोंदी सापडल्या’ एवढंच उरतं, किती ते कळत नाही. मराठीला तिथे दोन चौकोन होते, एकवचनाचा आणि अनेकवचनाचा. ‘1 नोंद सापडली’, ‘5 नोंदी सापडल्या’. हा फरक मराठी माणसाच्या कानालाच कळतो, त्यासाठी कोड यावा लागत नाही.

प्रोग्रॅमरांकडून मला एकच हवंय: प्रत्येक शब्दासोबत तो कुठे दिसतो याची एक ओळ. नुसतं ‘ओपन’ दिलं तर बटणावर ‘उघडा’ लिहायचं की दुकानाच्या वेळेपुढे ‘चालू आहे’? वेबलेटमध्ये अशी टीप आणि पडद्याचं चित्र जोडायची सोय आहे, पण ती वापरायला हवी. नवख्यालाही एक सांगून ठेवतो: कमिटमधलं नाव आणि ईमेल पत्ता सहसा सगळ्यांना दिसतो, आणि नंतर पुसता येत नाही. आधीच विचार करून पत्ता द्यावा.

चार दिवसांनी नोंद मंजूर झाली. मी मामांना इतिहासाचं पान उघडून दिलं. ‘वाचवा’ लाल पट्टीत, त्याखाली ‘जतन करा’ हिरव्या पट्टीत, शेजारी मामांचं नाव आणि तारीख. त्यांनी चष्मा सावरून लाल ओळीवर बोट ठेवलं.

“जुन्याला कंस केलाय बघ.”